यशूचं चूलबंद आवतन

चांगुणाबाई सेलूला लेकीकडं गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सुकेशनीनं शिरा केला.

आता शिरा करायला सासूनं गावाला जावंच लागतं असं काही नाही. चांगुणाबाई वाईट नव्हत्या. पण घरात रवा किती, साखर किती, गॅसची टाकी कोणत्या वारी लावली, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं असे. त्यामुळे शिरा खावासा वाटल्यापासून तो ताटात पडेपर्यंत सुनेला इतकी उत्तरं द्यावी लागत, की शिऱ्यावरची वासनाच उडून जाई. सुकेशनी लग्न होऊन आल्यापासून सासू कधी एक रात्र घराबाहेर राहिली नव्हती. यंदा लेक मनिषा हट्टालाच पेटली, म्हणून बाई दोन-तीन दिवसांसाठी निघाल्या. चारठाण्याच्या फाट्यावर एसटीत बसल्यावरही खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी बजावलं होतं, की घर तुझ्या हवाली केलंय, चारचौघांत नाव ठेवायला जागा ठेवू नको.

'तुझ्या हवाली' हे शब्द सुकेशनीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकले होते. तिला त्याचा मनातून अभिमान वाटला. सासू परत आल्यावर घर पाहून एकदा तरी 'बरं ठेवलंस' म्हणाली पाहिजे, एवढीच तिची इच्छा होती. पण अभिमान वेगळा आणि मोकळीक वेगळी. नवरा नागसेन जिंतूरला खता-बियाण्याच्या दुकानात कामाला गेला, आणि सुकेशनीनं लेकरांना पोटभर शिरा दिला, गाणी म्हणत धुणं धुतलं, आणि उन्हं चढल्यावर चांगुणाबाईंच्या खोलीतला कूलर लावून चक्क आडवी झाली. झोपताना लेकरांना सांगितलं, की सावलीत खेळा, भांडू नका आणि मला उठवू नका.

लेकरांनी यातलं एकूण एक ऐकलं. ती सावलीसावलीनंच गेली, भांडली नाहीत आणि त्यांनी आईला उठवलंही नाही.

यशोधरा सहा वर्षांची आणि सिद्धोधन तीन वर्षांचा. यशू हुकूम सोडणार आणि सिद्धू मागे चालणार, असा त्या घरचा कारभार होता. त्या दुपारी ओसरीवर बसून यशूनं जो विचार केला, तो तिनं नंतर सगळ्यांना नीट समजावून सांगितला. आई आज खूश आहे. गोड केलंय. गाणी म्हणायलीय. आणि आपल्या गल्लीत कुणी खूश असलं, की आवतन देतात. ते द्यायचं आई झोपेच्या नादात विसरली. खरं सांगायचं तर या विचारात खोट काढायला जागा नाही.

या गल्लीत आवतन लेकरांच्या तोंडीच पाठवतात. त्यातही दोन तऱ्हा. नुसतं आवतन असलं, तर घरातल्या एकानं जाऊन जेवून यायचं. चूलबंद आवतन असलं, तर त्या घरात त्या वेळेला चूल पेटवायचीच नाही. म्हातारी माणसं, लेकरं, आलेले पाव्हणे, सगळ्यांनी जेवायला यायचं. आता घरोघर गॅस आला तरी आवतन चूलबंदच राहिलं. आणि जे लेकरू आवतन घेऊन दारात येतं, त्याला रिकाम्या हातानं लावून द्यायचं नाही, हाही रिवाज आहे. यशूला नुसत्या आवतनाचं लहानसं काम शोभलं नसतं. तिनं वेणी घातली, सिद्धूला चड्डी घातली, त्याच्या हातात कॅरीबॅग दिली आणि विहाराजवळच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली.

"आमच्या घरी सांजच्याला चूलबंद आवतन हाय," एवढं ती दारात उभी राहून म्हणायची. आवतन आणणाऱ्या लेकराला कुणी जास्त विचारत नाही. विचारलं तर 'यांना जेवायची घाई' असं दिसतं. त्यामुळे बायका 'बरं माय' म्हणायच्या आणि सिद्धूच्या कॅरीबॅगेत कुणी गुळाचा खडा, कुणी शेंगदाणे, कुणी बिस्किटाचा पुडा टाकायच्या. असं करत करत दोघं बायनाबाईच्या दारात आली, आणि घोळ तिथं झाला.

बायनाबाईचं घर चांगुणाबाईंच्या घरासमोरच. दोघी एका वयाच्या, एकमेकींच्या लग्नात नाचलेल्या. पण दोन वर्षांमागं बायनाबाईच्या शेळीनं चांगुणाबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या. खाल्ल्या ते खाल्ल्या, पण बायनाबाई म्हणाली की ती शेळी आमची नव्हंच. शेळी तोंडाला कुरडई लावून शेजारी उभी होती. तेव्हापासून दोन्ही घरांच्या म्हाताऱ्यांत कडकडीत अबोला. सुनांनी मात्र मागच्या दारानं आपलं ताक, पीठ, गाऱ्हाणी सगळं चालू ठेवलं होतं.

तर अशा दारात यशू उभी राहिली आणि तिनं आवतन दिलं. बायनाबाईचा कानांवर विश्वास बसेना. तिनं लेकरांना जवळ बसवून घेतलं.

"आजीनं पाठीवलं का गं?"

"आजी घरी न्हाई. सेलूला गेलीय."

"मग हे आवतन कशाचं हाय?"

"आजी सेलूला गेली म्हणून," यशूनं सांगितलं.

बायनाबाईनं ते कारण तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग ती आत गेली आणि डब्यातला एकेक अख्खा लाडू तिनं दोघांच्या हातावर ठेवला. एवढी बक्षिशी सबंध गल्लीत कुणी दिली नव्हती. त्यामुळे पुढच्या प्रत्येक दारात यशूनं कुणी विचारायच्या आधीच कारण सांगून टाकलं.

सुकेशनी जागी झाली ती मागच्या दाराची कडी वाजली तेव्हा. दारात बायनाबाईची सून सत्यशीला उभी. कमरेवर हे मोठं पातेलं.

"हे पुरंल का अजून मोठं लागंल?" तिनं विचारलं. "आमच्या आत्यानं दुपारीच बजावलंय, सांजच्याला भाकरी टाकू नको म्हणून. मी तर शेगडी पुसूनसुद्धा ठेवली."

"कुठं जायलाव तुमी जेवायला?"

"आगं, तुझ्याच घरी की. चांगुणाआत्या गावाला गेल्या म्हणून तू सगळ्या गल्लीला चूलबंद घालायलीस ना?"

सुकेशनी होती तिथंच उंबऱ्यावर बसली. यशूला हाक मारली. यशू आली, मागोमाग कॅरीबॅग सांभाळत सिद्धू आला. विचारपूस फार लांबली नाही, कारण यशूनं काहीच लपवलं नाही. किती घरं सांगितली, तर सगळी. सगळी म्हणजे कुठून कुठवर, तर विहारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. "टाकीवरल्या काकाला पन," सिद्धूनं भर घातली, म्हणजे ज्याचं घर पलीकडच्या गल्लीत आहे तो पाणी सोडणाराही सुटला नव्हता.

सुकेशनीचा हात उठला होता, पण लेकीच्या तोंडाकडं पाहून तो खाली आला. यशूला वाटत होतं, आता आई शाबासकी देईल.

पहिला विचार आला, की घरोघर जाऊन सांगावं, लेकराचा खेळ होता, माफ करा. सत्यशीला म्हणाली, सांगायला तू सांगशील, पण एकदा दिलेलं आवतन माघारी घेतलेलं घर या गल्लीत तिच्या ऐकिवात नाही. ताटावरून माणूस उठवल्यागत होतं ते. शिवाय उशीरही झाला होता. शेवटच्या घरचे चंद्रभानबप्पा दुपारचे जेवलेच नव्हते. पोट मोकळं ठेवतो म्हणून नुसत्या ताकावर बसले होते.

सुकेशनीनं नागसेनला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला सुचावं तेच त्याला सुचलं.

"सांग की माझं प्रमोशन झालं म्हणून."

"तुमाला कुठलं प्रमोशन? दुकानात मालक आन तुमी, दोघंच तर हाव."

मग तांदूळ, वांगी आणि तेलाचा डबा घेऊन लगोलग निघा, असं तिनं सांगितलं आणि पदर खोचला. घरात डाळ सगळ्यांना पुरण्यासारखी नव्हती, पण येसराचा डबा भरलेला होता. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ. उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार, आणि माणसं वाढली की पाणी वाढवायचं. गोडाचं मात्र काही जमण्यासारखं नव्हतं. उरलासुरला रवा सकाळीच संपला होता.

ऊन कलल्यावर बायका मदतीला यायला लागल्या. कुणी पोळपाट आणलं, कुणी परात. गल्लीची रीतच तशी, जेवायला येणारं घर हात लावायलाही येतं. पण आज प्रत्येकीच्या तोंडावर एक हसू होतं आणि ते सगळ्यांचं सारखंच होतं. नव्यानं लग्न होऊन आलेली एक पोरगी पोळ्या लाटता लाटता सुकेशनीकडं नुसती टक लावून बघत राहिली. सुकेशनीनं प्रत्येकीला सांगून पाहिलं, की तसं काही नाही, लेकरानं आपल्या मनानंच केलंय. जितकं सांगावं तितका बायकांचा विश्वास पक्का व्हायचा. "बराबर हाय, असंच म्हणायचं असतं," एकीनं तिला समजावलं. मग कमलबाई, गल्लीतली सगळ्यांत थोरली, तिनं सुकेशनीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"माझी सासू व्हती, तवा मला हे सुचलंच न्हाई गं."

नागसेन सामान घेऊन आला. वाटेत त्यानं दुसरं कारण शोधून ठेवलं होतं, सिद्धू जूनपासून अंगणवाडीत जाणार म्हणून जेवण. ते त्यानं ओट्यावरच्या पुरुषांना सांगितलं. चंद्रभानबप्पांनी त्याचा खांदा थोपटला आणि म्हणाले, की लेकानं आईची अब्रू झाकलीच पाहिजे, पण आपल्याला सगळं ठाऊक हाय.

सुकेशनी चुलीपुढं बसली होती, कारण एवढं मोठं पातेलं गॅसवर बसेना, आणि तिला रडू यायला लागलं. लोक हसतील याचं तिला आता काही वाटत नव्हतं. तिला आठवत होतं, की सिद्धूच्या वेळी ती बाळंतपणातून उठेना, तेव्हा सव्वा महिना याच सासूनं तिच्या अंगाला तेल लावलं होतं, तोंडात घास भरवला होता, आणि बाहेर कुणाला 'माझी सून' म्हणताना बाईंचा आवाज किती मऊ व्हायचा. ती माय परवा गावात पाय ठेवील आणि ऐकील काय, तर आपण गेल्याच्या आनंदात सुनेनं गल्ली जेवू घातली. त्या भांडल्या असत्या तर बरं. त्या भांडायच्या नाहीत. त्या गप्प बसतील, बायनाबाईशी बसल्या तशा, दोन वर्षं. तिनं डोळे पुसले आणि आमटीत पाणी वाढवलं.

उन्हं उतरल्यावर गल्लीत सडा टाकून पंगत बसली. पोरंटोरं, म्हातारे, पाण्याच्या टाकीवरचा काका, सगळे आले. बायनाबाईही आली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती या ओट्याकडं आली होती. चांगलं पातळ नेसून आली आणि पंगतीच्या मधोमध बसली. सत्यशीला पोळ्या वाढत होती, नागसेन पाणी, आणि सुकेशनी आमटीची बादली घेऊन पहिल्या ताटापासून निघाली होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी काळी-पिवळी जीप थांबली आणि तिच्यातून चांगुणाबाई उतरल्या.

एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दोरीनं बांधलेला मोठा डबा. पंगतीतले हात ताटात थांबले. एरवी चांगुणाबाई गल्लीत आल्या की दहा तोंडांतून जयभीम निघायचा, आज कुणाला तो आठवेना. नागसेननं तांब्या उचलला आणि ज्याचा पेला काठोकाठ भरलेला होता, त्याच्याच पेल्यात तो पाणी ओतत राहिला. सुकेशनीच्या हातातली बादली जड झाली. ती खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

चांगुणाबाई पंगतीच्या कडेकडेनं चालत आल्या. यशू धावत त्यांच्यापुढं गेली. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"आजी, तू का आलीस? तू सेलूला गेलीस म्हणून मी आवतन दिलं. आता काय सगळ्यांनी उठायचं का?"

चंद्रभानबप्पांनी घाईघाईनं एक मोठा घास तोंडात कोंबून घेतला.

चांगुणाबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "कुणी उठायचं न्हाई. सुकेशनी, हा डबा घे. बुंदी हाय. गोडाचं काही न्हाई केलं म्हणं तू."

सुकेशनीनं डबा घेतला. गोड नाही केलं हे बाईंना कुणी सांगितलं, हा विचार तिच्या आणि सबंध पंगतीच्या डोक्यात एकाच वेळी आला. बायनाबाई तेवढी ताटात मान घालून भात कालवत बसली होती. तिच्या भातावर अजून आमटी पडली नव्हती. चांगुणाबाई तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"बायने, फोनवर एवढी चुरूचुरू बोलत व्हतीस. आता वाचा बसली व्हय? सरक तिकडं."

बायनाबाई सरकली. चांगुणाबाई तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लेकरांच्या हातावर लाडू ठेवून बायनाबाई दुपारी घरात गेली खरी, पण तिला काही चैन पडेना. एवढी झणझणीत बातमी हाताशी आलेली. गल्लीत सांगावी तर यशूनं ती आधीच घरोघर पोचवली होती. जिला ऐकून खरा ठसका लागेल अशी बाई एकच, आणि तिच्याशीच नेमका अबोला. बायनाबाईनं दोनदा फोन खाली ठेवला आणि तिसऱ्यांदा लावलाच. लावला तो खिजवायला. पण सुनेची गोष्ट सांगून झाल्यावर दोघींनीही फोन ठेवला नाही. दोन वर्षांचं साठलेलं होतं; गुडघे, जावई, शेळीला झालेली करडं, सगळं निघालं. सेलूत मनिषा हाक मारून मारून थकली, आणि फोन ठेवताना चांगुणाबाईंनी 'मी आजच निघते' असं सांगून टाकलं. आणि दिवस कलता कलता बायनाबाईनं परत फोन करून कळवलं, की आगं चांगुणे, सुनेनं गोडाचं काही केलं न्हाई, तुझ्या घराची इज्जत जाईल, येताना काहीतरी घेऊन ये.

"माझा नंबर ठेवला व्हतास म्हण की," चांगुणाबाई म्हणाल्या.

"ठेवायचा कशाला, पाठच हाय मला," बायनाबाई म्हणाली. मग दोघींनीही एकदमच पदरानं नाक पुसलं आणि सगळ्यांनी तिकडं न पाहिल्यासारखं केलं.

सुकेशनी बुंदी वाढत वाढत त्यांच्यापाशी आली. बुंदी ताटात कमी आणि जमिनीवर जास्त पडत होती. शेवटी ती तिथंच खाली बसली आणि म्हणाली, "आत्या, खरंच मी न्हाई हो दिलं हे आवतन. मी झोपलेली व्हते."

"मला ठाव हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "फोन आला तवाच कळलं मला. तू दिलं असतंस, तर सगळी गल्ली घेतली असतीस, पण हिचं दार सोडलं असतंस. मोठ्या माणसाची हिच्या दारात जायची टाप व्हती का? लेकरूच गेलं असणार."

सुकेशनीला एकदम मोकळं वाटलं. ज्या एका दारात यशू गेली म्हणून आपला घात झाला असं तिला वाटत होतं, त्याच दारानं तिची सुटका केली होती. तिला हसू यायला लागलं आणि ते रडण्यात मिसळून गेलं. शेजारी उभी असलेली सत्यशीला पोळ्यांचं ताट धरून उगाच पदर डोळ्यांना लावत होती.

"आता बस जेवायला," चांगुणाबाईंनी सुनेला फर्मावलं आणि नागसेननं घाईनं वाढलेली आमटी बोटानं चाखून पाहिली. "आमटी लय पातळ झालीय."

"लयच पातळ," बायनाबाई म्हणाली. "आन मीठ न्हाई."

"मीठ तर न्हाईच."

दोघींचं दोन वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि त्या ते जेवण संपेपर्यंत सोडायला तयार नव्हत्या. येसर कसं भाजावं, फोडणी कुठल्या तेलाची द्यावी, आजकालच्या सुनांना अंदाज कसा तो नाही, एक थांबली की दुसरी सुरू व्हायची. सुकेशनीनं सगळं मान खाली घालून ऐकलं. मग त्या दोघींच्या समोर तिनं आपलं ताट मांडलं, त्याच पातळ, अळणी आमटीत पोळी कुस्करली आणि दोनदा मागून घेऊन जेवली.